परजीवींची वाट: विदर्भातला एक आढावा

विदर्भात परजीवींचा प्रश्न तीन दारांत वाटला गेला आहे. संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळू लागला की बागाईतदार कृषी सहायकाला गाठतो. गाय लाल लघवी करू लागली की गोपालक पशुवैद्यकीय दवाखान्याकडे धावतो. पायावरची सूज उतरेनाशी झाली की माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. खाती तीन, विद्यापीठे तीन, पुस्तकेही तीन. मुळातला जीवनक्रम मात्र एकच असतो. एक जीव दुसऱ्याच्या अंगावर किंवा अंगात बस्तान बसवतो, त्याचे अन्न घेतो आणि त्याच्या जिवावर आपली पिढी वाढवतो.

असा जीव पोशिंद्याचे काय नुकसान करतो, हे आपण बारकाईने पाहतो, कारण ते डोळ्यांसमोर असते. तो एका पोशिंद्याकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे मात्र आपण उशिरा विचारतो. खरे तर परजीवीच्या आयुष्यातला सर्वांत अवघड टप्पा तोच आहे. पोशिंद्याच्या आत अन्न, ओल आणि आसरा मिळतो. बाहेर ऊन, कोरडेपणा आणि अनिश्चितता असते. म्हणून बहुतेक परजीवींची सगळी बुद्धी या प्रवासावर खर्च झालेली दिसते, आणि माणसाने त्यांच्यावर मिळवलेले बहुतेक टिकाऊ विजयही या वाटेवरच मिळाले आहेत. नागपूर आणि भोवतालचा विदर्भ हे तपासून पाहायला फार चांगला प्रदेश आहे. संत्रा, कापूस, जंगल, गुरे आणि दाट वस्ती इथे शेजारी शेजारी आहेत, आणि त्या प्रत्येकावर काम करणाऱ्या संस्थाही इथेच आहेत.

झाडावर वाढणारी झाडे

पेंच किंवा ताडोब्याच्या रस्त्यावर आंब्याच्या, मोहाच्या झाडाकडे नीट पाहिले तर एखाद्या फांदीवर वेगळ्याच पानांचा झुबका दिसतो. ते बांडगूळ. त्याची पाने हिरवी असतात आणि स्वतःचे अन्न स्वतः तयार करतात. पाणी आणि क्षार मात्र ते झाडाच्या लाकडात शोषक मुळे घुसवून घेते. म्हणून त्याला अर्धपरजीवी म्हणतात. त्याचे बी जमिनीवर पडले तर वाया गेले. त्याला फांदीच हवी. ही सोय फुलटोच्या हा इवलासा पक्षी करून देतो. फळ खाल्ल्यावर बीभोवतीचा चिकट गर त्याला सुटत नाही, म्हणून तो बी फांदीवर घासून काढतो. बी तिथेच चिकटते आणि रुजते. फुलांचे परागीभवनही शिंजिरासारखे पक्षी करतात. हळदीकुंकू या देखण्या फुलपाखराच्या अळ्या बांडगुळाचीच पाने खातात. आंब्याच्या मालकाला बांडगूळ नकोसे असते आणि ते योग्यच आहे, कारण ज्या फांदीवर ते वाढते तिचा शेंडा वाळत जातो. जंगलात मात्र त्याच्यावर पक्ष्यांची आणि फुलपाखरांची एक छोटी वसाहत जगते. परजीवी सगळीकडे सारखाच शत्रू असतो, हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही.

अमरवेल याच्या एक पाऊल पुढे गेली आहे. तिला पाने जवळपास नाहीत, आणि एकदा पोशिंदा सापडला की जमिनीतले मूळही सुकते. लसूणघासाच्या वाफ्यात तिचे पिवळे दोरे पसरलेले शेतकऱ्यांनी पाहिलेले असतात. बी रुजल्यावर तिच्याकडे थोड्याच दिवसांची शिदोरी असते. तेवढ्यात आधार मिळाला नाही तर ती मरते. हा शोध ती कशाच्या जोरावर घेते, याचे उत्तर २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दिले. टोमॅटोच्या रोपातून हवेत सुटणाऱ्या गंधद्रव्यांच्या दिशेने अमरवेलीचे कोवळे टोक झुकते. डोळे नसलेली वनस्पती वासाने पोशिंदा शोधते.

ज्वारीवरच्या टारफुल्याची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. त्याची एक एक वनस्पती हजारो बारीक बिया सांडते आणि त्या मातीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतात. जवळ मूळ आल्याची खूण पटल्याशिवाय त्या उगवत नाहीत. ही खूण म्हणजे मुळातून झिरपणारे एक रसायन. ते १९६६ मध्ये प्रथम वेगळे काढले गेले, तेही कपाशीच्या मुळांतून. कपाशीवर टारफुला जगत नाही, पण तिची मुळे त्याला उगवण्याची खूण देतात. उगवलेले रोप पोशिंदा न मिळाल्याने मरते. ज्वारीच्या शेतात कपाशीचा फेरपालट केल्यावर टारफुल्याचा साठा हळूहळू कमी होतो, त्याचे कारण हे आहे. मुळे हे रसायन मुळात का सोडतात, ते २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले. जमिनीतल्या उपकारक बुरशीला बोलावण्यासाठी ही हाक असते. टारफुला दुसऱ्यासाठी दिलेली ती हाक ऐकतो आणि आपला डाव साधतो. फेरपालट त्याला चुकीच्या दारात उगवायला लावतो. वाट अडवण्याचे याहून स्वस्त उदाहरण सापडणे कठीण आहे.

या मालिकेत चंदनही येते, हे अनेकांना नवे वाटेल. चंदनाची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना जाऊन चिकटतात आणि त्यांच्याकडून पाणी व क्षार घेतात. म्हणून चंदनाची लागवड करणारे रोपाजवळ तुरीसारखे पीक लावतात. ज्या झाडाला आपण देवघरात जागा दिली आहे, ते स्वतःच्या मुळांवर एकटे नीट वाढत नाही.

संत्र्याच्या बागेत

काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरूड, मोर्शी या पट्ट्यातल्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. याच संत्र्याला आतून पोखरणारा सर्वांत मोठा शत्रू फायटोप्थोरा हा जीव आहे. त्याला बुरशी म्हटले जाते, पण तो बुरशीपेक्षा शेवाळांच्या जवळचा आहे. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात, आणि त्याच्या प्रवासाचे सगळे मर्म यात आहे. विदर्भातली काळी चिकण माती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात आणि मोकाट ओलिताच्या वेळी मुळांजवळ पाणी साचते आणि बीजाणू एका मुळापासून दुसऱ्याकडे पोहत जातात. तंतुमुळे कुजतात, बुंध्यातून डिंक गळतो, पाने पिवळी पडतात आणि झाड काही वर्षांत वाळते.

नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ज्या शिफारशी केल्या आहेत, त्या या प्रवासाच्या अंगाने वाचल्या तर एका ओळीत बसतात. कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर बांधायचा, म्हणजे मातीतले पाणी जोडावर उडत नाही. पाणी बुंध्याला लागू नये म्हणून दुहेरी आळे करायचे; शक्य असेल तिथे ठिबक लावायचे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बुंध्याला बोर्डोमलम लावायचा. खुंट म्हणून जंबेरीऐवजी या रोगाला अधिक तोंड देणारा रंगपूर लिंबू वापरायचा. रोपवाटिकेतल्या मातीतून रोग बागेत येतो, म्हणून रोपे निर्जंतुक केलेल्या मिश्रणात वाढवायची. फवारणी आणि आळवणी यांना जागा आहे, पण पाण्याची वाट तशीच मोकळी ठेवून औषध ओतणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय.

कोळशीच्या बाबतीत तर चूक होण्याचा धोका जास्त असतो. झाड काळे पडलेले दिसते, म्हणून बागाईतदाराचे लक्ष काळ्या बुरशीकडे जाते. ती बुरशी झाडाच्या पेशींत शिरत नाही. काळी माशी आणि तिची पिल्ले पानाखालून रस शोषतात, त्यांच्या अंगातून गोड चिकट द्रव पानांवर सांडतो आणि त्या गोडव्यावर बुरशी वाढते. ती पानांवरचा उजेड अडवते, हे खरे, पण झाडाच्या जिवावर जगणारी माशी आहे. म्हणून अंडी फुटून कोवळी पिल्ले बाहेर येण्याची वेळ साधून उपाय केला तरच तो लागू पडतो.

सिट्रस सायला या किडीचा धोका याहून मोठा आहे. ती शेंड्याचा रस शोषता शोषता झाडाच्या अन्नवाहिन्यांत ग्रीनिंग रोगाचे जीवाणू सोडते. परजीवी जीवाणू, त्याला वाहून नेणारा परजीवी कीटक आणि मध्ये झाड, अशी ही साखळी आहे. एकदा लागलेला हा रोग झाडातून काढणारा खात्रीचा उपाय शेतकऱ्याच्या हाती अजून नाही. त्यामुळे कीड आवरणे आणि निरोगी डोळ्यापासून कलम घेणे एवढ्यावरच भिस्त असते. ही कीड कढीलिंबावरही जगते, म्हणून बागेच्या बांधावरच्या कढीलिंबाकडेही लक्ष हवे.

परजीवीवर परजीवी

कापसाच्या पट्ट्यात परजीवी मदतीलाही आले आहेत. नागपुरातली केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून या पिकावर काम करते आहे. २००५ च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या एका पिठ्या ढेकणाने देशातल्या कपाशीवर धुमाकूळ घातला. फवारण्यांनी तो आवरेना, कारण त्याच्या अंगावरचा मेणचट थर औषध आत जाऊ देत नाही. मग शेतातच एक बारीक गांधीलमाशी दिसू लागली. तिची मादी ढेकणाच्या अंगात अंडे घालते, आतली अळी ढेकणाला आतून खाते आणि शेवटी त्याचे फुगलेले, तपकिरी कवच तेवढे उरते. २००९ मध्ये या माशीचे शास्त्रीय वर्णन झाले आणि भारतीय शास्त्रज्ञ ओ. एम. बांबावाले यांचे नाव तिला मिळाले. जिथे फवारणीचा भडिमार थांबला, तिथे या माशीने ढेकणाला चांगलाच आळा घातला.

बोंडअळीच्या अंड्यात आपले अंडे घालणारी ट्रायकोग्रामा ही माशी टाचणीच्या टोकाएवढी असते. ट्रायकोकार्डाच्या रूपाने ती आता शेतकऱ्याच्या परिचयाची झाली आहे. असे कीटक पोशिंद्याला अखेरीस मारतातच, म्हणून शास्त्र त्यांना परजीवींपासून थोडे वेगळे मोजते. आपल्याकडे परोपजीवी कीटक किंवा मित्रकीटक हे शब्द रुळले आहेत. मुळे कुजवणाऱ्या बुरशीवर वाढणारी ट्रायकोडर्मा ही बुरशीही याच कुळातली मदतनीस.

या मित्रांचा विसर पडला की काय होते, ते २०१७ च्या हंगामात दिसले. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीला दाद दिली नाही आणि विदर्भाचे पीक आतून पोखरले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. एका अळीच्या मागे लागून आपण माणसे गमावली, ही गोष्ट विदर्भाने विसरू नये. अंदाधुंद फवारणीत सर्वांत आधी मरतात ते मित्रकीटक, आणि पुढच्या हंगामात त्यांची उणीव भरून काढायला आणखी विष लागते.

गोठ्यात

नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ चे. २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही नागपुरातच आहे. या भागातल्या गोठ्यातला सर्वांत परिचित परजीवी म्हणजे गोचीड. तो रक्त पितो एवढेच त्याचे नुकसान असते, तर ते सोसता आले असते. गोचीड थायलेरिया आणि बबेसिया या एकपेशीय परजीवींची वाहतूक करतो. बबेसिया तांबड्या पेशी फोडतो, त्यामुळे लघवी लाल होते. थायलेरियाची करणी अजब आहे. तो जनावराच्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिला कर्करोगाच्या पेशीसारखे सतत विभागायला लावतो. पेशी विभागली की परजीवीही सोबत वाटला जातो. औषधाने परजीवी मेला की पेशीचे हे वेडे वाढणे थांबते. संकरित जर्सी आणि होल्स्टिन गाईंना या रोगाचा फटका जास्त बसतो. गवळाऊसारख्या देशी वंशाची जनावरे पिढ्यान्‌पिढ्या याच गोचिडांत वाढली आहेत आणि त्यांची तोंड देण्याची ताकद अधिक असते. दुधाच्या आकड्याकडे पाहून वंश निवडताना ही बाजूही मोजली पाहिजे. गोचीड आयुष्याचा मोठा भाग गोठ्याच्या भेगांत आणि गवतात काढतो, त्यामुळे नुसते जनावर धुऊन भागत नाही; भिंतीच्या भेगा बुजवाव्या लागतात.

सर्रा हा रोग टॅबॅनस जातीच्या चावऱ्या माश्या पसरवतात. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा त्याचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात शोधला. तो माशीच्या शरीरात वाढत नाही. तिच्या सोंडेवर लागलेल्या रक्तातून एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. रक्तात आल्यावर तो आपले बाहेरचे प्रथिनांचे आवरण पुन्हा पुन्हा बदलतो. शरीर एका आवरणाविरुद्ध तयार होते तोवर पुढचे आवरण आलेले असते. म्हणून ताप चढतो, उतरतो आणि पुन्हा चढतो.

माणसाच्या रक्तातली नोंद

हा सर्रा माणसाला होत नाही, असे वैद्यकाची पुस्तके सांगत होती. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातला, गुरांत वावरणारा एक शेतकरी अनेक महिन्यांच्या चढउताराच्या तापाने नागपूरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचला. त्याच्या रक्तात हालचाल करणारे ट्रिपॅनोसोमा दिसले. जगातली या परजीवीची माणसातली ही पहिली सिद्ध झालेली नोंद. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी ती २००५ मध्ये प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरामिन हे औषध उपलब्ध झाले आणि रुग्ण बरा झाला.

खरा उलगडा २००६ मध्ये झाला. माणसाच्या रक्तात एपोएल-१ नावाचे एक प्रथिन असते. ते या परजीवीच्या आतल्या पिशवीला भोके पाडून त्याला मारते. म्हणून माश्या चावल्या तरी सर्रा माणसात टिकत नाही. या शेतकऱ्याच्या दोन्ही जनुकप्रतींत बिघाड होता आणि हे प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतेच. त्याच्या गावात नंतर सुमारे १८०० जणांच्या रक्ताची तपासणी झाली. अनेकांच्या रक्तात परजीवीशी गाठ पडल्याच्या खुणा होत्या, परजीवी मात्र कुणातही सापडला नाही. म्हणजे गुरांचा हा परजीवी माणसाचे दार ठोठावत असतो, आणि बहुतेकांचे रक्त त्याला उंबऱ्यावरच संपवते.

परजीवी आणि रक्त यांच्यातल्या जुन्या झगड्याची दुसरी नोंद विदर्भाला अधिक दुःखद रीतीने ठाऊक आहे. सिकलसेलचे अस्तित्व या भागातून १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी लॅन्सेट या नियतकालिकात नोंदवले. त्याच्या चार वर्षे आधी अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवले होते की सिकलसेलचे एकच जनुक असलेल्या वाहक व्यक्तीला प्राणघातक मलेरियापासून संरक्षण मिळते. मलेरियाच्या प्रदेशात हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले, कारण वाहक वाचत होते. किंमत मोजली ती दोन्ही पालकांकडून हे जनुक आलेल्या मुलांनी, आणि ते आजही मोजत आहेत. नागपूरच्या रुग्णालयात वेदनेने तळमळणाऱ्या सिकलसेलच्या मुलाच्या शरीरात डासाने वाहिलेल्या एका परजीवीचा हजारो वर्षांचा इतिहास आहे. त्या मुलाला आणि त्याच्या समाजाला दोष देणारी कुजबुज म्हणूनच अज्ञानाची आणि अन्यायाची आहे.

हत्तीरोग आणि नारू

नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया हा हत्तीरोगाचा जुना पट्टा आहे. या रोगाचे कृमी लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात आणि त्यांची सूक्ष्म पिल्ले रात्री रक्तात उतरतात. क्युलेक्स डास चावतो तोही रात्री. परजीवीने आपले वेळापत्रक वाहकाच्या वेळापत्रकाशी जुळवून घेतले आहे, म्हणून रक्त तपासणी पथकांनाही रात्रीच फिरावे लागते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि सहकाऱ्यांनी या रोगाच्या निदानावर दीर्घकाळ काम केले.

डासाच्या शरीरात या कृमींची संख्या वाढत नाही. रोग जडायला वर्षानुवर्षे अनेक चावे लागतात. साखळीतला हा कच्चा दुवा आहे. गावातल्या बहुसंख्य लोकांनी वर्षातून एकदा गोळ्या घेतल्या, तर रक्तातली पिल्ले इतकी कमी होतात की डासाला पुढे न्यायला काही उरत नाही. आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल या तीन औषधांची एकत्र मोहीम देशात ज्या पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत झाली त्यांत नागपूर होता. भारताने २०२७ पर्यंत हत्तीरोग हटवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. पण गोळी हातात घेऊन नंतर फेकून देणारी घरे आहेत, कारण निरोगी माणसाने औषध का घ्यायचे, हे त्यांना कुणी पटवून सांगितलेले नसते. ती गोळी घेणाऱ्यापेक्षा शेजारच्या लेकराला वाचवते, हे सांगण्यासाठी आशाताईंना वेळ आणि मान दोन्ही मिळाला पाहिजे. शिवाय क्युलेक्स तुंबलेल्या गटारात वाढतो. गटार वाहते ठेवणे हे नगरपालिकेचे काम असले तरी हत्तीरोगाच्या लढाईत ते औषधाइतकेच मोलाचे आहे.

वाट अडवली की परजीवी संपतो, याचा पुरावा आपल्याच आठवणीत आहे. नारूवर ना लस होती, ना गुणकारी औषध. पायऱ्यांच्या विहिरीत उतरलेल्या रुग्णाच्या जखमेतून पिल्ले पाण्यात जात, तिथल्या सायक्लोप्स या सूक्ष्म जीवात वाढत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात पोहोचत. कापडाने पाणी गाळणे, विहिरींच्या पायऱ्या बंद करणे, रुग्णाला पाण्यापासून दूर ठेवणे, एवढ्यावर देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला.

पुढे काय

या सगळ्या उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते. फायटोप्थोराची वाट पाण्याची, टारफुल्याची मुळांच्या रसायनाची, थायलेरियाची गोचिडाची, हत्तीरोगाची डासाची. प्रत्येक ठिकाणी खर्चिक पराभव पोशिंद्याच्या शरीरात झाला आहे आणि स्वस्त, टिकाऊ यश वाटेवर मिळाले आहे. पोशिंद्याची स्वतःची ताकदही तितकीच मोलाची आहे, मग ती रंगपूर लिंबाच्या खुंटातली असो वा देशी गाईच्या रक्तातली.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात राष्ट्रीय एकल आरोग्य संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचे आरोग्य एकत्र पाहणे हा तिचा हेतू आहे. तिचा उपयोग मोठ्या प्रयोगशाळेपुरता राहू नये. तालुक्यातला पशुधन विकास अधिकारी, आरोग्य अधिकारी आणि कृषी अधिकारी यांनी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकत्र बसावे. कुठे गोचीड वाढले, कुठे पाणी तुंबले, कुठे न उतरणारा ताप आला आणि कुठे बागा वाळू लागल्या, याच्या नोंदी समोरासमोर ठेवाव्यात. गुरांतल्या सर्र्याची नोंद आणि गावातल्या तापाची नोंद एकाच टेबलावर आली, तर चंद्रपूरच्या त्या शेतकऱ्यासारख्या पुढच्या रुग्णाला महिनोन्‌महिने भटकावे लागणार नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. तीन खात्यांच्या नोंदवह्या एकमेकांना उघड्या झाल्या पाहिजेत, आणि हे काम याच पावसाळ्यापासून सुरू करता येईल.